टोक दिसेपर्यंत

पुएर्तो मोंत, रात्रीचे पावणेतीन.
एलेउतेरिओ कात्रिलाफ, वय त्रेचाळीस, लाकूडतोड्या.
परवापर्यंत नुसता ताप होता, बायको सांगते.
आता फुप्फुसांत त्याचंच पाणी भरलंय
आणि व्हेंटिलेटर हवा ढकलतोय
आतून कडी लावलेल्या घरात.

यंदा डोंगरात कीला फुलली.
आमच्याकडचा बांबू. कैक वर्षांतून एकदा फुलतो,
फुलून मरतो.
मागे बी उरतं, बियांवर उंदीर माजतात,
लांब शेपटीचे, अंगठ्याएवढे, खरं तर देखणे.
एलेउतेरिओनं हिवाळाभर बंद असलेली लाकडांची खोपी
उघडली, झाडून काढली.
एवढंच.
त्याचं काही चुकलं का हो, बायकोनं तीनदा विचारलं.
मी तीनदा नाही म्हणाले.

डॉक्टर ओयार्सोंच्या हातात बोटाएवढी जाड नळी.
ही मांडीच्या शिरेतून वर जाणार,
हृदयाच्या उंबऱ्याशी थांबणार,
काळं रक्त बाहेर आणणार.
यंत्र त्याला श्वास देईल
आणि दुसऱ्या मांडीच्या धमनीतून परत पाठवेल.
"प्रोब तू धर," त्या म्हणाल्या.

जेल गार होतं.
त्याला कळणार नव्हतं, तरी मी ते आधी तळहातावर कोमट केलं.
पडद्यावर राख, राखेत दोन काळी वर्तुळं.
"शीर कुठली?"
मी हलकेच दाबलं.
एक मिटली, पेंगुळल्या डोळ्यासारखी.
दुसरी दाबाखालीही उडत राहिली,
गोल, हट्टी.
मिटली ती शीर.
"बरोबर. आता हात उचल जरा.
मिटलेल्यात सुई कुठे घालू मी?"

सुई आली. म्हणजे एक पांढरा ठिपका,
तांदळाच्या कणीएवढा.
आणि गेला.
माझं मनगट केसभर सरकलं होतं.
यास्ना आकडे वाचत होती,
अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर,
बाजारात भाव सांगावेत तशा सपाट आवाजात.
लवकर, असं कुणीच म्हणालं नाही.
सुई होती तिथेच थांबली.
"टोक दिसत नाही तोवर मी पुढे जात नाही," डॉक्टर ओयार्सो म्हणाल्या,
"शोधायचं काम तुझं."

मी श्वास सोडला, प्रोब कलता केला.
राख, राख,
कणी.

मग बरगडीखाली, यकृताच्या आडून,
महाशिरेचा काळा ओढा.
तार त्यात शिरली, चकाकली,
आणि भलत्याच गल्लीत वळली.
"मागे," मी म्हणाले.
माझा आवाज इतका मोठा असेल, मला ठाऊक नव्हतं.
मागे. फिरवून. पुन्हा.
या खेपेला सरळ, पार दारापर्यंत,
जिथे झडप उघडमीट करत होती
पातळ पडद्यासारखी.

नळी बसवताना त्या म्हणाल्या,
"माझे गुरुजी हे आंधळेपणानं करायचे.
बोटांनी ठोका चाचपायचा, देवाचं नाव घ्यायचं.
बहुतेकदा देव घरी असायचा."

पंप सुरू झाला.
जाताना रक्त पिकल्या माकीच्या बोरांसारखं काळं,
येताना लाल,
नुकत्या फोडलेल्या ओंडक्याच्या गाभ्यासारखं.
त्यानं ओळखला असता तो रंग.
यास्नाचे आकडे चढू लागले.
आवाज तोच, भाव सांगितल्यासारखा.
तो वाचेल का, हे पडदा दाखवत नाही.

सकाळी घरी आले तर चूल थंड,
लाकडं मागच्या खोपीत.
मी दार सताड उघडलं
आणि अर्धा तास बाहेर उभी राहिले,
वारा खेळू दिला.
जेल अजून नखांत होतं.
आतला काळोख हळूहळू करडा झाला.
आधी कुऱ्हाडीचा दांडा दिसला.
मग पातं.
मग मी पाऊल टाकलं.