दहा हॉर्सपॉवर

सावर्ड्याच्या पुलाखाली माझी गिरण.
पाटीवर तांदूळ, गहू, नाचणी. मिरची फक्त शनिवारी.
रुझार आला तो शनिवार होता.
शिंकत, डोळे पुसत, काखेत एक लांबट खोकं,
खोक्याला नायलॉनची दोरी, बार्जीवर मारतात तशी गाठ.

"दळण नाही," म्हणाला. "मोटर किती हॉर्सपॉवरची?"

दहा, म्हटलं.

अठरा वर्षं तो बार्जीवर फिटर होता.
कुडचड्याला लोखंडाची माती भरायची, झुआरीतून मुरगावला न्यायची,
आणि इंजिनखोलीच्या पत्र्यावर ही गिटार,
आडवी, तोंड वर करून.
लोक मांडीवर घेतात. डाव्या हातात पोलादाची कांडी,
उजव्या बोटांत नख्या.
ह्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी,
मधलं सगळं एका साखळीनं नेलं.
कुठल्या साली ते सांगत नाही, कुठल्या धक्क्यावर ते सांगतो.

म्हणून छेडायचं काम इंजिनाकडे.
पत्रा थरथरतो, पत्र्यामुळे लाकूड, लाकडामुळे तार,
आणि तारेला मुळात बोलायचंच असतं,
फक्त प्रत्येक वेगाला तिची एक जागा.
केसभर इकडे, गप्प.
केसभर तिकडे, गप्प.

"मी वाजवत नाही," तो म्हणतो. "मी धरतो."

खाणी बंद झाल्या. बार्जी काठाला लागल्या त्या लागल्या,
त्यांच्या पोटात आता पावसाचं पाणी आणि बगळे.
त्यानं गिटार फ्रिजवर ठेवून पाहिली. फ्रिज पुटपुटतो, बोलत नाही.
भावाच्या स्कूटरच्या सीटवर ठेवली.
शेजारणीच्या शिलाई मशीनवर. तिनं हाकललं.
कदंबाच्या बसमध्ये मागच्या बाकावर, केप्यापर्यंत,
कंडक्टरनं गिटारीचं अर्धं तिकीट फाडलं.
मग माझी गिरण.

कांडी म्हणजे बेअरिंगची जुनी पिन.
ती हरवली त्या आठवड्यात शिणाण्याचं शिंपलं,
फेणीच्या बाटलीची मान,
शेवटी माझ्या तराजूतलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन.
हे बरं, म्हणाला.
तेव्हापासून मी दोनशे ग्रॅम अंदाजानं देते.
अजून कुणी भांडलेलं नाही.

आता मलाही ऐकू येतं.
उकड्या तांदळाला मोटर दबते, जागा खाली सरकते,
नाचणीला हलकी होते, वर येते.
गहू ओलसर असले तर माझ्या आधी त्यालाच कळतं,
"सुलक्षा बाय, हे दळण सुकूंक ना."
बायका पूर्वी डबे ठेवून जायच्या, आता थांबतात.
कुणी म्हणतं इगर्जीतलं आहे, कुणी म्हणतं आमच्या सप्ताहातलं.
शेवंती म्हणते, हे माझ्या घोवाचं घोरणं,
आणि डोळ्यांना पदर लावते,
शनिवार नसताना.

काल दुपारी लाईट गेली.
दगड एकदम थांबत नाही.
जड असतो, फिरत राहतो जेवढं अंगात उरलंय तेवढं,
हळू, मग आणखी हळू.
रुझारनं मान वर केली नाही.
सूर खाली निघाला आणि वजन त्याच्या मागोमाग,
पायऱ्या पायऱ्यांनी नाही,
विहिरीत दोर सोडावा तसं सलग,
कोपर आवळून, जीभ दातांत धरून,
जिथं तारा खुंट्यांकडे वळतात तिथपर्यंत.
पुढं लाकूड होतं, जागा नव्हती.

त्यानं हात काढला नाही.
चक्कीतून मूठभर पीठ अजून पडलं.
कुणाचा तरी डबा भरायचा राहिला होता, कुणी बोललं नाही.
वर पुलावरून एक ट्रक गेला, रिकामा,
पाठीमागची फळी आपटत,
आणि सगळ्यांत जाड तार
आपणहून
त्याला ओ देऊन गेली.