जुना जकातदार

ओउलूच्या दवाखान्यात डॉक्टर सार्पानेवा
पडद्यावर माझं काळीज फिरवून दाखवते.
चार शिरांच्या तोंडाशी तिने डागलेले ठिपके,
एकाला एक लागून, कुंपण घातल्यासारखे.
"इथूनच चोरटे ठोके आत शिरत होते.
आता वाट बंद."
किती दिवस? मी विचारतो.
ती कागदाकडे बघते. वय एकाहत्तर.
डावा वरचा कप्पा ताणलेला, सत्तेचाळीस मिलिमीटर.
दुखणं चार वर्षांचं मुरलेलं. रात्रीचं घोरणं.
बेरीज करून म्हणते,
अशा शंभरांतल्या अडतीस जणांना परत होतं.
त्या अडतिसांत मी आहे का,
ते कागदाला ठाऊक नसतं.

बाई, तोर्नियोच्या पुलावर एकोणतीस वर्षं
मी जकातीत काढली. अंदाज हाच माझा धंदा.
नवे बूट, घाईची चाल, नको इतकं हसू,
की म्हणायचो, याची पेटी उघडा.
निम्म्या वेळा आत नुसते मोजे.
आणि लेम्पी यलितोलोनेन
दर शुक्रवारी सायकल ढकलत यायची,
माझ्या आईचा गुडघा कसा आहे विचारायची,
आणि परकराच्या घोळात
अकरा वर्षं कॉफी नेत राहिली.
नाका उठला त्या दिवशी तिनेच सांगितलं,
केक खाताखाता.

पहिल्या तीन महिन्यांत काही झालं तर धरायचं नाही,
डॉक्टर म्हणते, जखम भरताना काळीज कुरकुरतंच.
म्हणजे नव्वदाव्या दिवसापर्यंत
चोर हा चोर नव्हे.
एक्क्याण्णवाव्याला तोच माणूस, तीच पेटी,
आणि गुन्हा.
हे मला समजतं. असे नियम मी भिंतीवर चिकटवलेत.

हिल्क्का रात्री माझ्या मनगटावर बोटं ठेवून झोपते.
तिला वाटतं मला कळत नाही.
खिडकीबाहेर गोठलेली नदी, पल्याड हापारांडाचे दिवे.
तिथलं घड्याळ आमच्याहून तासभर मागे.
इकडे बारा वाजले की तिकडे अकरा,
जन्मभर दोन्हीकडचे टोल ऐकत आलो,
कुणी त्याला आजार म्हटलं नाही.
ठिपक्यांच्या कुंपणाचा विचार करतो.
बोटभर फट पुरे. बोटभर कशाला,
एका सुईची.

काल एकशे चौदावा दिवस.
सरपण आणायला शेडपर्यंत गेलो
आणि छातीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं.
पाच-सहा पावलं. खडबडीत.
मग सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही.
लाकडं खाली ठेवली. उगाच म्हणालो,
गुडघा बरा आहे.
आईला जाऊन बावीस वर्षं झाली.

आत येऊन वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली,
आधी आमची, मग पलीकडची.
हिल्क्काने विचारलं, काय लिहितोस?
म्हटलं, लाकडांचा हिशेब.
आणि हसलो,
नको इतकं.