सवय

पुण्याहून भाचीचा फोन :
'टीव्हीवर तुमचा मारुती चौक दाखवतायत, मामा.
पण तुम्हाला काय, सवय आहे ना?'

आहे.
आयर्विनला किती फूट ते ऐकून
सिलिंडर माळ्यावर चढवायची,
गाद्यांच्या वळकट्या करायची,
समोरच्याला 'जेवलासा का' विचारायची.

सुकुमार चौगुल्यांनाही होती.
दुकानात अकरा ब्लाउज अर्धे शिवलेले,
गिऱ्हाइकांची मापं वहीत.
'आलोच' म्हणून माघारी गेले
ते शनिवारी सापडले, खणभागात.
टेप गळ्यातच.

कॅमेरावाला म्हणाला, ओसरलंय,
पण जरा त्या डबक्यात उभे राहा, काका.
राहिलो. का राहिलो, माहीत नाही.
माझ्या नावाखाली त्यांनी लिहिलं : शेतकरी.
मी चष्मे विकतो, हरभट रोडला.

आता परगावी कुणी भेटलं की
'सांगली? म्हणजे हळद आणि पूर!'
मी हो म्हणतो. चहा गार होतो.

परवा चौगुल्यांच्या सूनबाई
वही उन्हात पानापानानं वाळवत होत्या.
शाई फुटलेली. नावं गेलेली,
आकडे तेवढे कुठं कुठं.
बायको बराच वेळ वाकून बघत राहिली,
मग म्हणाली,
छत्तीस.
माझं असेल.