नमुना

दोन-दोन मिलीच्या पाच कुप्या.
तस्नीम लोखंडवालाने सिरिंजने भरल्या,
एक थेंब तिच्या अंगठ्यावर राहिला
तो तिने पुसला नाही.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर जपानी नावाचा अर्थ
तिच्या तिरक्या अक्षरात:
संध्याकाळचा समुद्र. ओला बांबू. कोळशाची ऊब.
चौथीवर नुसतंच – फळ.
"आपल्याकडे कमी मिळतं, अंकल. टोमॅटोसारखं दिसतं."
पाचवीचा अर्थ तिलाही लागला नव्हता.

फोर्टात, झेरॉक्सवाला आणि नोटरी यांच्यामधे
हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील असं दुकान.
वहीही तिथलीच. कागद असा
की लसणाच्या सालीला जाड म्हणावं,
तरी शाई पलीकडे जात नाही.
किंमत मी शैलाला अर्धी सांगितली.
तिला तीही दुप्पट वाटली.
"काय नमुना आहे हा माणूस," ती कुकरला म्हणाली.

नमुनाच.
एकतीस वर्षं बॅलार्ड इस्टेटच्या शाखेत मी
नमुना सह्यांचं कपाट सांभाळलं.
चेक डावीकडे, कार्ड उजवीकडे,
मधे माझी नजर.
वेलांटी ढळली, रफार घसरला
की शिक्का: सही जुळत नाही.
कुमुद पाठारेंचा एक चेक आठवतो,
नवरा गेल्यानंतरचा पहिला.
पाठारेंमधला प गुडघ्यात वाकलेला.
मी परत पाठवला.
शाई तेव्हा बँकेची, निळी-काळी,
लेजरच्या कागदावर तिला
मुंग्यांसारखे पाय फुटायचे.

आता जेवणाच्या टेबलावर
पंखा बंद करून,
मनगटाखाली घामासाठी टिपकागद ठेवून
पहिलं पान उघडलं
आणि काही सुचेना.
श्री काढला. मग सही केली,
पाच शायांत पाच वेळा.
पाचही वेगळ्या आल्या.
माझ्या टेबलावर आल्या असत्या
तर एकही सुटली नसती.

"लिहायला काही नसेल तर
वाण्याची यादी लिहा," शैला म्हणाली.

तूरडाळ.
तांदूळ, आंबेमोहोर, पाच किलो.
गूळ. हळद. नारळ दोन.
केळफूल, मिळालं तर.

लिहून झाल्यावर दिसलं:
ही निब बारीक, शिरोरेघेवरून कोरडीच पळते,
मात्रेला तर थांबतही नाही,
पण ळ आला की वळते, पुन्हा वळते,
दोन्ही पोटांत शाई साचते,
वाळताना कडेला गडद होते,
आणि पान तिरपं धरलं
तर संध्याकाळच्या समुद्रावर तांबडी झाक येते,
ससून डॉकला बोटी लागताना
पाण्यावर डिझेल पसरतं ना, तशी.
जपान्यांकडे ळ नाही म्हणे.
मग ही शाई त्यांनी कोणासाठी केली, कोण जाणे.
यादीत एवढे ळ असतात
हे मला साठीनंतर कळतंय.

पान फाडायला माझा हात होईना.
शैलाने फाडलं.

रात्री यादी परत आली,
कुंवरजीच्या बॉलपेनच्या बरोबरच्या खुणांसकट.
नारळांपैकी एक पाझरत होता. त्याच्याखाली
त्याचंच नाव फुगून, फिकटून गेलेलं.
ळ कुठला, नुसती निळी ओल.

मी वहीत नारळ पुन्हा लिहिला.
एक डावीकडे धरला, एक उजवीकडे.
चष्मा वर केला, खाली केला.
जुळत नाही.

पास केला.

गूळ उद्या येईल, म्हणालाय कुंवरजी.