सात किलो

खडेबाजारात नझीरच्या दुकानात
मी शिवणाची टेप घेऊनच शिरले.
पंचावन्न, पस्तीस, पंचवीस,
तळहातावर निळ्या पेनानं तीन आकडे,
खाली दोनदा अधोरेखित : सात किलो.

'कुठं चाललीस अक्का?'
दिल्लीला. उद्यमबागच्या फाउंड्रीचा स्टॉल आहे प्रदर्शनात,
त्यांच्या ओतीव लोखंडाचे फोटो काढायचेत.
लोखंड परवाच ट्रकनं गेलं.
त्याचं वजन टनात, आणि कुणालाच त्याचा घोर नाही.

चाकांची बॅग त्यानं फरशीवर फिरवून दाखवली.
देखणी फिरली.
रिकामीच उचलली तर अडीच किलो.
दुसरी काळी, अंगभर कंपनीचं नाव,
'आत कॅमेरा आहे, आत कॅमेरा आहे'
असं स्टँडभर ओरडत जाणारी.
तिसरीत मऊ कप्पे.
'यातले पडदे हलतात बघ, पाहिजे तिथं लाव.'
खर्रकन काढला एक,
खर्रकन बोटभर पलीकडं लावला.
छत्री घ्यायला आलेले निपाणीचे एक मास्तर म्हणाले,
'एवढं सोपं असतंय व्हय?'
नझीर हसला, मी हसले,
पुढं कुणीच काही बोललं नाही.
किंमत विचारून मी बाहेर पडले.

रविवार पेठेत हत्तरकींचा मिरचीचा काटा.
दुपारी गिऱ्हाईक नसताना या, म्हणाले होते.
भरमानं एकेक वस्तू ठेवली, बाळ ठेवावं तशी :
दोन बॉडी, तीन लेन्स, लॅपटॉप,
चार्जरची ती वीट.
हत्तरकी कानडीत पुकारत गेले,
भरमा मराठीत लिहीत गेला,
बेरीज दोघांची एकच आली.
'एंटु किलो नूरु.' आठ किलो शंभर.
आणि अजून पिशवी धरलीच नाही.
लेन्सच्या टोपणावर ब्याडगीची लाल पूड.
आम्ही तिघंही शिंकलो.

मोठी लेन्स एकटी दीड किलोची.
चार वर्षं हप्ते फेडले तिचे.
लांबचं जवळ आणते ती,
पण लोखंड काही पळून जात नाही,
त्याच्या जवळ मलाच जाता येईल.
ती घरी, तांदळाच्या डब्यात.
उरलेलं भरमा पुन्हा लावत होता,
तेवढ्यात हत्तरकी म्हणाले,
'जाकीट घाल अक्का. खिशात घाल.
माणसाला कोण तोलत न्हाई.'

मे महिना. जाकीट.

पिशवी शेवटी मल्लेशीनं शिवली,
गोवावेसला, गाड्यांच्या सीटकव्हरात.
राखाडी ताडपत्री, आत स्कूटरच्या सीटचा फोम,
सगळी मिळून सातशे ग्रॅम.
लॅपटॉपचा कप्पा पाठीकडं सांगितला होता,
त्यानं पुढं केला.
'पाठीला घाम येतंय की,' म्हणाला,
आणि दोरा दातानं तोडला.
पिशवीकडं बघून वाटावं,
आत पाना, स्क्रूड्रायव्हर आणि भाकरी असेल.
मला हेच हवं होतं. नझीरला सांगता आलं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री भरला हिशोब :
सहा किलो चारशे. सहाशे ग्रॅम शिल्लक!
एवढी मोकळी जागा कधी मिळाली नव्हती मला.
काय न्यावं या विचारात होते, तोच
मॅनेजर होनगेकर दारात,
वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं.
'ट्रकमधून एवढा एक नमुना राहिला.
सहाशेच ग्रॅम आहे.'

सांबऱ्याला कुणी वजन केलंच नाही.
एक्सरेवरच्या पोरानं तेवढं विचारलं, हे काय?
लोखंड, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, जाकिटाकडं पाहिलं,
जा म्हणाला.

विमान छोटं, वरच्या खणात पिशवी शिरेना.
दोन पायांमध्ये घेऊन बसले.
खाली तांबड्या वावरांत मार्कंडेयचं एक वळण,
त्याच्या कडेला कुणीतरी वाळत घातलेलं काही लाल,
मिरच्या की लुगडी, कळेना.
एवढ्या लांबचं टिपायला ती लेन्स लागते.
खिशात हात घातला, टोपण लागलं,
आणि शिंक आली.