विरघळायच्या अटीवर

बाजारात भेंडी कोवळी आहे का बघायला
टोक मोडतात ना, तसा आवाज झाला.
दुलेरच्या मैदानावर, सत्तराव्या मिनिटाला.
आसपास कुणी नव्हतं.
चेंडूसुद्धा नव्हता.
मी फक्त वळले होते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
डॉक्टर केंकऱ्यांनी स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला.
फिकट पांढरा, करंगळीच्या पेराएवढा,
वजन असं नाहीच.
म्हणाले, मक्याच्या साखरेपासून करतात.
मांडीतून काढलेला दोर गुडघ्यात ओवायचा,
हाडाने त्याला आपलं म्हणेपर्यंत
हा धरून बसेल.
मग विरघळेल.

बाबा इतका वेळ गप्प होते.
आगरवाड्याचे, चाळीस वर्षं मीठ ओढलेले.
त्यांनी विचारलं,
"विरगळून वता खंय?"

पहिले आठवडे गुडघ्याने काही ऐकलं नाही.
वाड्यावर नवा भाडेकरू आला
की जो तो पायरीशी येऊन विचारतो,
तूं कोणालो?
तशा पेशी आल्या.
स्क्रूला आडनाव नव्हतं.
हाकलता येईना, गिळता येईना,
तेव्हा चारदोघी एकमेकींत मिसळून
एक अगडबंब पेशी होऊन
त्याला टेकून बसल्या.
नंतर पातळ पडद्याचं कुंपण घातलं.
मी बर्फाची पिशवी धरून
छताचा पंखा मोजत होते.

त्याला मोडलं कुणीच नाही.
पाणी शिरलं, एवढंच.
बांध वरून धड दिसतो,
आणि कुर्ल्यांनी आतून भोकं पाडलेली असतात;
भरती येते तेव्हा कळतं.
तसा तो फोटोत जागच्या जागी,
जोर मात्र केव्हाच सोडलेला.
तोवर हाडाने दोर धरला असेल
अशा भरवशावर मी जिने चढत होते.

शर्वाणी, माझी फिजिओ,
टाच दाबता दाबता सहज बोलून गेली,
स्क्रूचं शेवटी लॅक्टिक आम्ल होतं.
मला हसूच आलं.
त्याची माझी ओळख तेराव्या वर्षापासूनची.
सामना संपत आला की पोटऱ्यांत जळतं ते.
म्हणजे मी पलंगावर पडून होते
आणि गुडघ्यात कुणीतरी
माझ्या वतीने धावत होतं,
अगदी हळू,
वर्षभर.
उरलंसुरलं श्वासावाटे जातं म्हणे.
थोडा स्क्रू मी शिवोलीच्या पुलावर सोडला असेन,
थोडा आरशावर,
थोडा फोनवर इनासियो सरांना
"येते, पुढच्या मोसमात येते" म्हणताना.

दुसऱ्या वर्षी, मार्चात,
नडगीवर चिंचोक्याएवढी गाठ आली.
सुई घातली तर पेजेच्या निवळीसारखं पांढरं.
जंतू एकही नाही.
आम्ल जास्त झालं, निचरा कमी पडला, डॉक्टर म्हणाले.
बाबांनी मान हलवली.
"मानस बंद उरलां आसतलें."
खाजनाचं दार वेळेवर उघडलं नाही
की पाणी तिथंच कुजतं,
हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

परवाच्या स्कॅनमध्ये स्क्रू नाही.
त्याच्या जागी त्याचा आकार आहे,
आट्यांसकट.
काठाकाठाने हाड आत येतंय.
"अर्धं भरलंय," डॉक्टर खूश होते.
उरलेल्या अर्ध्याचं मी विचारलं नाही.

शनिवारी सराव.
डावीकडे वळायच्या आधी
एक क्षण मी अजून परवानगी मागते.
कुणाची ते माहीत नाही.
बाबा रेषेबाहेर, चपला हातात.
"दुखता?"
"मात्शें."

घाम वाळून दंडावर पांढरे ओघळ उमटलेत.
ते त्यावर बोट फिरवतात, जिभेला लावतात,
मिठागरातलं पाणी तयार झालं का
पाहावं तसे.

"आनी थोडे दीस," म्हणतात.