नव्वद इंच

कन्ना चौकात, सुताच्या दुकानावर,
कठडा नसलेल्या जिन्याचं आमचं ऑफिस.
एप्रिलची दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं.
पडद्यावर गुर्रम बंधूंची वाटणी:
काळ्या रेघांत चार खोल्या, एक बोळ,
आणि चोवीस मीटर लांब यंत्रमागांची शेड.
रेघा माझ्या. भिंतीला पाठ घासत, टेप ओढत
मी स्वतः मोजलेल्या.
एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर,
यात घासाघीस नाही.

मग धाकट्या गुर्रमचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला.
लग्नाची शूटिंग करतो, ड्रोन आहे त्याच्याकडे.
"वरनं काढलाय मॅडम. यावर नकाशा बसवा,
म्हणजे मोठ्या काकांना दिसंल तरी."

फोटो आत घेतला, तर तो आला
मुक्कामी पाहुण्यासारखा,
अख्ख्या कागदावर पाय पसरून.
कोपऱ्यातला ठिपका धरून आवळावा लागतो.
बाजूचा धरला की माणसं चपटी होतात,
पाण्याच्या टाकीचं अंडं होतं.
(पहिल्या वर्षी मी एक अख्खी शाळा चपटी केली होती,
मुलांसकट.)

पण आवळायचा किती?
ड्रोन किती उंच होता, पोराला ठाऊक नाही.
फोटोला स्वतःचं माप नसतं,
आत ओळखीचं काहीतरी सापडावं लागतं.
शेड मी ताळ्यासाठी राखून ठेवली:
एकाने मापायचं, दुसऱ्याने पडताळायचं.
मग गच्चीवर दिसली, सपाट वाळत घातलेली
लाल-हिरवी चादर.
आमच्या गावात हे कुणाला विचारावं लागत नाही.
साठ बाय नव्वद.
नव्वद इंच म्हणजे दोनशे एकोणतीस सेंटिमीटर,
फोटोत भरत होती तीनशे दहा.
शेकडा चौऱ्याहत्तर. एंटर.

पश्चिमेचा कोपरा कोपऱ्यावर बसवला,
फोटो अर्धा पारदर्शक केला,
आणि शेडचं पूर्वेचं टोक
माझी रेघ ओलांडून
मीटरभर मोठ्या भावाच्या अंगणात.

पोरगा मागे उभा होता. काही बोलला नाही.
खिशातून मोबाइल काढून
बापाला एवढंच म्हणाला, "या की जरा."

मी टेप घेतला आणि स्कूटीवर बसले.
दार उघडलं थोरल्या घरच्या राजमणीअक्कांनी,
हाताला साबण.
चादर मोजायचीय म्हटल्यावर आधी हसल्या,
मग पेटीतून घडी काढून ओसरीत पसरली,
मीच टेप लावला:
दोनशे वीस.
"नव्वद इंच कारखान्यातनं निघताना असती हो,
पहिल्या धुण्यात आटतीय.
मागावर वीस वर्षं उभी हाय मी,
मला विचारायचं होतं की."

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
अंथरूणच आटतं,
हे म्हणीत कुणी घातलं नाही.

परत आले. शेकडा एकाहत्तर. एंटर.
शेडचं टोक सरकत सरकत आलं
आणि रेघेखाली गेलं,
म्यानात गेल्यासारखं.
तोवर खुर्चीत बाप येऊन बसला होता.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"म्हणजे आमचं आहे तेवढंच आहे," म्हणाला.
चहा सांगितला, त्याने घेतला नाही.

प्रिंटच्या आधी फोटोचा थर बंद करावा लागतो.
सही रेघांवर होते, चादरीवर नाही.
बंद करण्याआधी मी एकदा जवळ जाऊन पाहिलं:
चादरीच्या कडेला चार-पाच ठिपक्यांएवढी
एक बाई, हात वर केलेला.
ड्रोनच्या आवाजाला डोळ्यांवर हात धरून
बघत असणार.
शेकडा एकाहत्तर झाली होती तीही,
मी न विचारता.

थर बंद केला.
पुसला नाही.